विमानातील झोप आणि आमची पुडी

केनवडसारख्या गावी बसून रुग्ण तपासणाऱ्या वैद्याने विमानप्रवासातील निद्रेवर लेख लिहावा, हे आमच्या काही व्यवसायबंधूंस चमत्कारिक वाटेल. पंधरा वर्षांपूर्वी आम्हांसही तसेच वाटले असते. परंतु रिसोड तालुक्यातील सोयाबीन-तूर पिकविणाऱ्यांची मुले पुण्यास शिकली, तेथून संगणकाच्या नोकरीनिमित्त न्यू जर्सीस आणि टेक्सासला गेली, आणि आता मुलीचे अथवा सुनेचे बाळंतपण निघाले की साठी उलटलेले आईवडील परदेशी जाण्यास निघतात. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण खुला झाल्यापासून विमानतळही एका दिवसाच्या टप्प्यात आला आहे. व्हिसा झाला, बॅगा भरल्या, की ही मंडळी शेवटची पायरी म्हणून आमच्या दवाखान्याची चढतात. मागणी बहुधा एकच असते. "डॉक्टरसाहेब, इमानात बसल्यावर डोळा लागला पाह्यजे, अन् उतरतानाच उघडला पाह्यजे. असं काही तरी द्या."

ही मागणी पुरविणे आपणांस फार सोपे आहे, आणि हीच या लेखामागील चिंता आहे. सर्पगंधेची घनवटी, तगर-जटामांसीचे चूर्ण, एखादे जातीफलादी, असे काही ना काही प्रत्येकाच्या फळीवर असते. औषधी दुकानांतून तर वैद्याच्या चिठ्ठीवाचूनही 'प्रवासाला झोप येण्यासाठी' म्हणून पुड्या बांधून दिल्या जातात. देणाऱ्यास पुण्य लाभल्यासारखे वाटते, घेणाऱ्यास धीर येतो. आम्हीही त्यांतलेच होतो.

२०२३ च्या जून महिन्यात मृगाची पेरणी पुतण्यावर सोपवून आमचे एक जुने रुग्ण सपत्नीक लेकीकडे निघाले. वय चौसष्ट, प्रकृती वातप्रधान, देह कृश परंतु काटक. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, कोष्ठाची चौकशी केली आणि सर्पगंधा घनवटीच्या चार गोळ्या कागदात बांधून 'बसल्यावर एक घ्या' असे सांगितले. जे विचारावयास हवे होते, ते विचारले नाही. त्यांच्या पिशवीत जिल्ह्याच्या ठिकाणाहून सुरू झालेली रक्तदाबाची दोन औषधे होती, अ‍ॅम्लोडिपीन आणि अ‍ॅटेनोलॉल. गोळी घेऊनही तासाभरात झोप येईना, म्हणून त्यांनी दुसरी घेतली, मग तिसरी. खिडकीची जागा होती. शेजारच्या परक्या माणसास वारंवार उठविणे नको म्हणून पाणी टाळले आणि लघवीचा वेग अडविला. नऊ-दहा तासांनी अखेर उठले, दोन पावले चालले आणि मार्गिकेत कोसळले. भुवईस जखम झाली. पुढे उतरेपर्यंत त्यांना आडवे निजवून ठेवावे लागले आणि पहिल्या नातवाचे तोंड त्यांनी कपाळास पट्टी बांधूनच पाहिले. दोष सर्वस्वी आमचा होता. तो आम्ही त्यांच्यापाशी कबूल केला, आणि येथेही करतो.

सर्पगंधेविषयी आपणांस अभिमान आहे आणि तो रास्त आहे. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब यांवरील तिचा उपयोग प्रसिद्ध केला. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावरील आपले अनुभव मांडले, आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. ज्या वनस्पतीने अर्वाचीन वैद्यकास रक्तदाब उतरविण्याचे एक पहिले प्रभावी साधन दिले, ती रक्तदाब उतरविणारच, हे समजण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. अ‍ॅटेनोलॉल हृदयाची गती मंदावते, रेसरपिनही मंदावते. अ‍ॅम्लोडिपीन रक्तवाहिन्या सैल करते. त्यावर दहा तासांची बैठक, पाण्याचा तुटवडा, आणि एकदम उभे राहणे! यातून दुसरे काय निष्पन्न होणार होते? आणखी एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. रेसरपिनने नाक चोंदते. विमान उतरताना केबिनमधील हवेचा दाब वाढत जातो, आणि नाक मोकळे नसेल तर कानाच्या पडद्यावर ताण येऊन तीव्र वेदना होतात. झोपेसाठी दिलेली गोळी कानावर अशी उलटू शकते.

'मग अ‍ॅलोपॅथीची झोपेची गोळी बरी का?' असे आमच्या एका स्नेह्यांनी विचारले. बरी नव्हे. मद्य तर मुळीच नव्हे. परंतु त्यांच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की विमानात झोप आलीच पाहिजे, वाद फक्त ती कशाने आणावी एवढाच. आमचे मत या गृहीतकाच्याच विरुद्ध आहे. विमानात गाढ झोप आणू नये. वैद्याने तर ती औषधाने मुळीच आणू नये.

विमानातील परिस्थिती पाहा. केबिनमधील हवेचा दाब साधारणतः सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका ठेवलेला असतो. हवेतील आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. रूक्ष, शीत, चल अशा गुणांची ही जागा. वातप्रकोपाचे निदान शिकविण्यास याहून चांगले उदाहरण महाविद्यालयातही सापडावयाचे नाही. पाय लोंबते, गुडघे दुमडलेले, मांडीखाली आसनाची कड. अशा अवस्थेत औषधाने बधिर होऊन सहा-आठ तास निश्चल पडलेल्या माणसाच्या पायातील रक्त साकळण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता सुमारे दुपटीने वाढते. तरीही निरोगी व्यक्तींत हे प्रमाण सहा हजारांत एक एवढेच आहे. सर्वांना भिवविण्यासारखा हा आकडा नाही. परंतु पूर्वी गुठळी झालेली असणे, नुकतीच शस्त्रक्रिया, कर्करोग, गर्भावस्था, अतिस्थौल्य, यांपैकी काही असेल तर त्या प्रवाशास आधी फिजिशियनकडे पाठविणे हेच आपले काम होय. तेथे लसूण, गुग्गुळ सांगून वेळ दवडू नये.

आता शास्त्राकडे वळू. निद्रा हा त्रयोपस्तंभांपैकी एक, हे वाक्य आपल्या प्रत्येक भाषणात येते. परंतु ज्या अध्यायात निद्रेचे विवेचन सविस्तर आहे, त्या चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१ व्या अष्टौनिन्दितीय अध्यायात एक शब्द येतो, त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तो शब्द 'आसीनप्रचलायित'. बसल्या बसल्या, मान डोलवीत घेतलेली डुलकी. रात्रीचे जागरण रूक्ष, दिवसाची झोप स्निग्ध, आणि ही बसल्याबसल्याची डुलकी मात्र रूक्षही नाही व अभिष्यंदीही नाही, असा निर्वाळा आचार्यांनी दिला आहे. विमानाच्या स्वस्त वर्गातील आसन हे जणू याच एका शब्दासाठी घडविलेले आहे! तेथे पहुडता येत नाही, परंतु डुलकी घेता येते. ती तासाभरात मोडते, माणूस पाय हलवितो, घोटभर पाणी पितो, पुन्हा डोलू लागतो. हे मोडणे प्रवाशाला शत्रूसारखे वाटते. वास्तविक तेच त्याच्या पायांचे व मूत्राशयाचे रक्षण करीत असते.

आणि चुकलेल्या झोपेचे काय? त्याचीही तरतूद आहे. अष्टांगहृदयात वाग्भटांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे की, सवय नसता जागरण घडले तर जितका वेळ जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता झोपावे. चरकांनीही वाहनाने व जागरणाने क्लांत झालेल्यांस दिवसा झोपण्याची मुभा दिली आहे. म्हणजे आठ तासांची रात्र गेली असेल तर लेकीच्या घरी पोहोचल्यावर चार तास, तेही पोळी-भाजीच्या आधी. प्रत्यक्षात घडते ते उलट. पोहोचताच साग्रसंगीत जेवण होते, आणि मग माणूस संध्याकाळपर्यंत पडून राहतो. त्या रात्री त्याला झोप येत नाही, दुसऱ्या दिवशी भूक लागत नाही, तिसऱ्या दिवशी मलावरोध होतो, आणि चौथ्या दिवशी आम्हांस दूरध्वनी येतो. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ व हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर असते. शरीराचे अंतर्गत घड्याळ साधारणतः दिवसाला तासाभराने सरकते. ते कसे चालते याच्या शोधास २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, हे वाचकांस आठवत असेल. निम्म्या झोपेचा नियम पाळून उरलेला दिवस उजेडात काढला, तर ते सरकणे सुकर होते. मेलाटोनिनविषयीही काही जण विचारतात. पाच किंवा अधिक कालविभाग ओलांडणाऱ्यांस, पोहोचल्यावर तेथील निजण्याच्या वेळी घेतल्यास त्याचा उपयोग होतो, असा निष्कर्ष २००२ च्या कॉक्रेन समीक्षेत आहे. त्यातही वेळेस महत्त्व आहे. भलत्या वेळी घेतलेले तेच औषध घड्याळ उलटे फिरवू शकते. विमानात बसल्याबरोबर घ्यावयाची ती गोळी नव्हे.

मनोरंजनाच्या पडद्याविषयी आमचे मत थोडे संमिश्र आहे. समोरच्या आसनाच्या पाठीवर प्रत्येकासाठी स्वतंत्र पडदा ही कल्पना १९८८ मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ विमानांत प्रथम अजमाविली गेली, आणि आज लांबच्या विमानांत ती बहुतेक ठिकाणी असते. अतिसमीप रूप पाहणे हा चक्षुरिंद्रियाचा मिथ्यायोग, असे आपण शिकलो. हातभर अंतरावर, अंधारात, चकाकणारे चित्र सलग पाच चित्रपट होईतो पाहणाऱ्या तरुणांस डोळे व मस्तक दुखण्याची तक्रार घेऊन येताना आम्ही पाहिले आहे. परंतु त्याच २१ व्या अध्यायात निद्रानाशाच्या उपचारांत अभ्यंग, दूध, तूप यांच्याबरोबर मनास रुचणारा गंध आणि मनास रुचणारा शब्दही सांगितला आहे. कानात हलके भजन लावून डोळे मिटून बसणे यात आम्हांस गैर काही दिसत नाही. आमच्या वयोवृद्ध रुग्णांचा प्रश्न निराळाच असतो. त्यांना तो पडदा चालविता येत नाही, इंग्रजी सूचना कळत नाहीत, हवाईसेविकेस विचारण्याचा संकोच वाटतो. मग बहुतेक जण एकच गोष्ट लावून ठेवतात, तो नकाशा. छोटेसे विमान निळ्या समुद्रावरून मुंगीच्या पावलांनी सरकत असते, आणि आमचे शेतकरी ते तासन् तास न्याहाळीत राहतात. त्यांना त्यात कंटाळा येत नाही. किती आले, किती राहिले, हे कळले की जीव शांत राहतो. याहून सात्त्विक करमणूक आम्हांस तरी सुचत नाही.

खरे तर जागे राहणे ही गोष्ट आमच्याकडील माणसास कोणी शिकवावी? ज्याने रात्रीच्या विजेवर हरभऱ्यास पाणी दिले, रोही आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी मचाणावर रात्री काढल्या, त्यास एका रात्रीचे भय कशाचे? गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवावयाची नाही असा दंडक असतो, आणि त्यासाठी पहारे वाटून दिलेले असतात. दोन तास एकाने वीणा घ्यावयाची, बाकीच्यांनी मंडपाच्या खांबास टेकून डुलकी काढावयाची. कोणी झोपेची गोळी मागत नाही, आणि सातव्या दिवशी काल्याच्या पंगतीत सगळे उभे असतात. ही व्यवस्था आम्ही आता विमानास लावून दिली आहे. नवराबायकोने दोन-दोन तासांचे पहारे वाटून घ्यावे. ज्याचा पहारा असेल त्याने नकाशा पाहावा, जप करावा, आणि पहारा संपला की दुसऱ्यास उठवून दोघांनी मागच्या स्वच्छतागृहापर्यंत चालून यावे. जागा मार्गिकेकडचीच घ्यावी. एकट्याने जाणाऱ्यास हातावरील घड्याळाचा गजर पुरे. लघवीचा वेग अधारणीय वेगांत मोडतो, परक्या शेजाऱ्याच्या भिडेखातर त्यास अपवाद करता येत नाही, हे तर प्रत्येक स्त्रीरुग्णास आम्ही स्पष्ट शब्दांत सांगतो.

मग वैद्याने द्यावयाचे तरी काय? निघण्यापूर्वीचे तीन-चार दिवस तिळतेलाचा अभ्यंग, रात्री तळपायास काशाच्या वाटीने तूप, आणि बॅगा भरण्याच्या धांदलीत चुकणारी घरची झोप वेळेवर घेण्याची ताकीद. पुष्कळांची पहिली रात्र विमानाच्या आधीच, मुंबईच्या वाटेवर गाडीत गेलेली असते. विमानात नाकाच्या कोरडेपणासाठी प्रतिमर्श नस्याचे दोन थेंब, थोडे थोडे कोमट पाणी, आणि दोनऐवजी एकच जेवण, तेही अर्धपोटी. एवढ्यास फळीवरील एकही महागडी बाटली लागत नाही. दुकानदार बंधूंस हे रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे.

त्यांना रुचणार नाही अशी आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे, ती पिशवीविषयी. जातीफलादी चूर्णात भांग असते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये भांगेचा समावेश आहे आणि तिच्या पोटात घ्यावयाच्या कल्पांवर सावधगिरीची सूचना छापणे बंधनकारक आहे. परंतु पुडीवर काय छापणार? अमेरिकेस जाणारी कित्येक विमाने दुबई किंवा अबुधाबी येथे थांबतात आणि त्या देशात भांग सोडाच, खसखसदेखील निषिद्ध आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू नेणाऱ्या आईस हे ठाऊक नसते. आपण विचारल्यावाचून ती सांगत नाही. बिनलेबलाची पुडी, घरी भरलेली काढ्याची बाटली, रसौषधींच्या सुट्या गोळ्या, यांपैकी काहीही परदेशी जाणाऱ्याच्या हाती देऊ नये. १०० मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली तर हातातील पिशवीतून सुरक्षा तपासणीतच काढून घेतली जाते. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी निषेधाची पत्रे लिहिण्याची भाषा केली. शोधन-मारणाचा मुद्दा आपल्या परीने योग्यच होता. परंतु आपली स्वतःची पुडी तेथील प्रयोगशाळेत गेली असती तर तिच्यात काय निघाले असते, हे छातीवर हात ठेवून सांगता येईल असे आपल्यात किती जण आहेत? जे द्यावयाचे ते कारखान्याच्या बंद वेष्टनात, घटकांची नावे व मात्रा इंग्रजीत लिहिलेल्या चिठ्ठीसह, आणि रुग्णाची चालू असलेली सर्व औषधे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मगच द्यावे. आम्ही आता दवाखान्यात प्रवाशास पिशवी टेबलावर रिकामी करावयास सांगतो. पाच मिनिटे जातात. एकदा तिच्यातून दोन निरनिराळ्या दुकानांतील झोपेच्या पुड्या निघाल्या होत्या, आणि तिसरी आमच्याकडे मागण्यास तो गृहस्थ आला होता.

'वनस्पतीज म्हणजे निरुपद्रवी' हे वाक्य गिऱ्हाइकास कोणी शिकविले? आपणच. ज्या द्रव्यात गुण आहे त्यात दोषही असावयाचा, हे आपण परीक्षेत लिहितो आणि दुकानात विसरतो. आपली झोपेची औषधे निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणत नाही. उलट ती काम करतात, म्हणूनच ती भलत्या ठिकाणी देऊ नयेत एवढेच म्हणणे आहे.

आमचे ते भुवईला टाके पडलेले स्नेही डिसेंबरात परत आले. येताना त्यांनी काहीही घेतले नाही. दोघांनी पहारे वाटून घेतले, आणि त्यांच्या पहाऱ्यात नकाशावर समुद्र ओलांडून जमीन कधी लागली, हे त्यांनी आम्हांस तासावार सांगितले. पूर्वेकडे येताना घड्याळ सावरणे अधिक कठीण जाते, तसे त्यांनाही गेले. दहा-बारा दिवस रात्री बाराला टक्क जाग येई. त्या पंधरवड्यात त्यांच्या शिवारात वीज रात्रीचीच होती. तेव्हा ते उठून पुतण्याबरोबर हरभऱ्यास पाणी देण्यास जात, पहाटे परत येत, आणि काही न खाता दोन-अडीच तास झोपत. तुम्हांस हे कोणी सांगितले, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "सांगाले कोण पाह्यजे? पयलेपासून असंच तर करतो आपुन."